कुंपणापलीकडचा नर

तुडतुडा हा प्राणी सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण त्याच्याशी ओळख कुणाचीच नसते. तांदळाच्या दाण्याएवढा जीव, घराच्या छपरासारखे पंख पाठीवर मिटून पानावर बसलेला. बोट जवळ नेलं की तो आधी तिरका सरकतो, मग पानाच्या मागे जाऊन दडतो, आणि तिथेही आपण वाकून पाहिलं तर टुणकन उडी मारून असा नाहीसा होतो, की आपण खरंच काही पाहिलं होतं का याची शंका यावी. आमच्या विमा कार्यालयात तपासणीचे साहेब आले की काही जण हुबेहूब असेच वागतात. त्यामुळे पहिल्याच भेटीत मला तुडतुड्यांविषयी आपलेपणा वाटला. आपलेपणा वाटला तिथेच मी थांबलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं.

पण आमच्या गॅलरीखाली एक कुंपण आहे. कुंपण म्हणजे तारा आणि खांब नव्हेत. दाट झुडपांची, माणसाच्या उंचीची रांग. त्याचं टोक आमच्या गॅलरीशी येतं, म्हणून आम्हाला त्याच्या दोन्ही बाजू दिसतात. एका बाजूच्या बंगल्यात थोरले राहतात, दुसऱ्या बाजूच्या बंगल्यात धाकटे. दोघे सख्खे भाऊ, दोघांत बोलणं नाही. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही नीट आठवत नाही, त्यामुळे मिटवायचं म्हटलं तरी कुठून सुरुवात करावी ते कुणाला कळत नाही. वडिलांनी जागेची वाटणी करताना मधोमध ही झुडपं लावली, आणि कुंपण कुणाचं ते सांगायचं राहून गेलं. थोरले म्हणतात सगळं माझं. धाकटे म्हणतात सगळं माझं. एकाने कात्री हातात घेतली की दुसरा पायरीवर येऊन नुसता उभा राहतो. परिणामी त्या झुडपांना वर्षानुवर्षं कुणी छाटलं नाही की त्यांच्यावर औषध फवारलं नाही. जगात इतरत्र किड्यांचे हाल होत असतील, पण इथे त्यांची चंगळ होती.

थोरल्यांच्या बाजूला, उन्हातल्या कोवळ्या फुटव्यांवर, मला तो दिसला. पोपटी हिरवा, अंगावर एक ठिपका नाही, कपाळावर मात्र दोन बारीक आडव्या रेघा. 'तो' म्हणण्याची ही चूक पुढे मला फार महागात पडली, पण ते ओघात येईलच. किडे पाहायच्या नादापायी मायक्रोस्कोपाबरोबर घेतलेला ओळखतक्ता मी उघडला. किड्यांचा ओळखतक्ता म्हणजे आमच्या कार्यालयातल्या चौकशीच्या खिडक्यांसारखा प्रकार असतो. पंखावर ठिपका असेल तर पलीकडे जा, नसेल तर पुढच्या पानावर जा, मागच्या पायाला काट्यांची रांग असेल तर अमुक, नसेल तर सुरुवातीला परत या. मी सगळ्या खिडक्यांवर जाऊन आलो. आमच्या हिरव्या तुडतुड्याला कुणीच आत घेईना. मी मायक्रोस्कोपवरून मान वर केली आणि बायकोला म्हटलं, की बहुधा ही जात विज्ञानाला ठाऊकच नाही. ती म्हणाली की विज्ञानाला विचारून घ्या, आणि तोवर जेवणाच्या टेबलावरून ते यंत्र उचला.

विज्ञान आमच्यापासून बरंच लांब, एका मोठ्या संग्रहालयाच्या तळघरात बसतं. तिथल्या तुडतुडेवाल्या बाईंना मी फोन केला. आवाजावरून त्या जन्मात कधी घाईत नसाव्यात असं वाटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच सांगितलं, की रंगावर जाऊ नका, रंगाचं काही खरं नसतं. तुडतुड्यांच्या दोन जाती वेगळ्या आहेत की नाहीत हे नराच्या शेपटाकडच्या आतल्या अवयवावरून ठरतं. प्रत्येक जातीत त्याचा घाट निराळा. मादीवरून काही कळत नाही. तेव्हा नर पकडा, त्याचं पोट सोडवा, उकळा, आत बघा आणि मग बोला.

मी होय होय म्हटलं. रंगावर जायचं नाही हे मला पूर्ण पटलं होतं. माणसाला एखादी गोष्ट पूर्ण पटली की ती पाळायची राहून जाते, हा अनुभव मला नंतर आला.

हे सगळं बायकोला समजावून सांगणं सोपं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारातही काही विषय जेवणाच्या टेबलावर काढायचे नसतात. मी घसा साफ करून, 'पुनरुत्पादन' वगैरे जड शब्द वापरून, भिंतीकडे बघत विषय मांडला. ती भाजी निवडत होती. तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे चेहऱ्यावरून ओळख पटत नाही?"

मी म्हटलं की शास्त्रात चेहऱ्याला किंमत नसते. त्यावर तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाजी निवडायला घेतली.

तुडतुडा हातात येत नाही, त्याला ओढून घ्यावा लागतो. त्यासाठी चोषनळी असते. लहान बाटली, तिच्या बुचातून दोन नळ्या. एक नळी किड्यावर धरायची, दुसरी तोंडात धरून श्वास ओढायचा, की किडा बाटलीत येतो. तो तिथून पुढे तोंडात येऊ नये म्हणून मधे जाळीचा तुकडा असतो. निदान असावा. माझ्या नळीतला तो तुकडा पहिल्याच सकाळी निसटला, आणि विज्ञानाला ठाऊक नसलेल्या जातीचा एक नमुना मी घोटभर हवेबरोबर गिळला. चवीबद्दल मी कुठेही काही लिहिलेलं नाही. शास्त्रीय वर्णनात त्याला जागा नसते. पण झुडपात अर्धा शिरलेला, तोंडात रबरी नळी धरलेला आणि मधेच जोरजोरात थुंकणारा माणूस रस्त्यावरून दिसायचा तसाच दिसला. संध्याकाळपर्यंत गल्लीत माझ्या व्यसनाविषयी चर्चा होती. एका सद्गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्यांच्या मेव्हण्याचं सुटलं, मनावर घेतलं तर सगळ्यांचं सुटतं.

पोट उकळायला तीव्र क्षार लागतो. औषधाच्या दुकानात मी तो मागितला तेव्हा दुकानदाराने गटार तुंबलंय का असं विचारलं. मी नाही म्हटलं. मग भांडी जळलीत का, असं विचारलं. मी तेही नाही म्हटल्यावर तो माझ्याकडे सावधपणे पाहू लागला, म्हणून मी खरं ते सांगितलं, की किड्याच्या पोटासाठी हवाय. त्याने आतल्या बाजूला जाऊन मालकाशी काही बोलणं केलं आणि मला जंताचं औषध आणून दिलं. शेवटी गटार तुंबलंय असं सांगूनच मला तो क्षार मिळाला. घरी स्वयंपाकघरातली एक वाटी या कामाला कायमची गेली. किडे कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकाला चिकटवायचे असतात आणि त्याला रंग नसलेलं नेलपॉलिश सगळ्यात चांगलं, असं बाईंनी सांगितलं होतं. तेही घरात होतं. बायकोने ते दिलं, पण त्या दिवसापासून ती नखांना काही लावताना मला सांगून, परवानगी मागितल्यासारखं लावू लागली. मला टोमणा कळत नाही असं नाही. मी सोडून देतो.

या सगळ्या तयारीनंतर मी थोरल्यांच्या बाजूचे हिरवे तुडतुडे एकामागून एक तपासले. सगळ्या माद्या. पुन्हा पकडले, पुन्हा माद्या. आठवडा गेला, दुसरा गेला. बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "नर आणा. नराशिवाय मी काहीच मान्य करू शकत नाही. पुरावा अपुरा आहे."

हे वाक्य मला लागलं. विमा कार्यालयात लोकांचे दावे तपासून 'पुरावा अपुरा' असा शेरा मारणं हे माझंच काम आहे. हा शेरा वाचून समोरच्याला काय वाटत असेल याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्या दिवशी मी दोन दावे मंजूर करून टाकले. आणि मला हेही उमगलं की आपल्याला ही जात हवी आहे. नुसती गंमत म्हणून नव्हे, खरोखर हवी आहे. इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेलं बरोबर आहे की नाही एवढंच पाहत आलो. एखादी गोष्ट मी आधी पाहिली, मी आधी सांगितली, असं एकदा तरी व्हावं असं मला मनापासून वाटू लागलं. त्यासाठी फक्त एक हिरवा नर सापडायला हवा होता.

नराच्या शोधात मी कुंपणाला वळसा घालून धाकट्यांच्या बाजूला गेलो. तिकडे सावली असते. तिकडे हिरवा एकही नव्हता, पण जुन्या गडद पानांवर दुसरेच तुडतुडे होते. आकाराने किंचित लहान, काळे, पंखांवर पिवळी नागमोडी पट्टी. मी पुन्हा ओळखतक्त्याच्या सगळ्या खिडक्या फिरलो. पुन्हा कुणी आत घेईना. आणखी एक नवी जात! माझ्या डोळ्यांसमोर तर पूर्ण निबंधच उभा राहिला. एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना दोन जाती. मधे जेमतेम हातभर फांद्या, पण हिरवा पलीकडे जात नाही आणि काळा अलीकडे येत नाही. असं दुर्मीळ उदाहरण शास्त्रात क्वचितच असेल. काळे मी तपासले तर सगळे नर निघाले. या काळ्यांच्या बायका फारच बुजऱ्या असाव्यात, असा मी निष्कर्ष काढला. बाईंना मात्र काळ्यांचं सांगितलं नाही. एकदम दोन जाती सांगितल्या तर माणूस हावरट दिसतो. हिरव्यांचं मार्गी लागलं की मग हळूच काढायचं, असं ठरवलं.

आणि तेवढ्यात संमतीपत्र आलं. संग्रहालयात नमुने जमा करायचे तर ते ज्या जागेतून घेतले त्या जागेच्या मालकाची सही लागते, असा नियम होता. बाई म्हणाल्या की औपचारिकता आहे, घेऊन ठेवा. आता त्या कुंपणापाशी मालक हा शब्द उच्चारणं म्हणजे काय हे त्यांना तळघरात बसून कसं कळावं? मी थोरल्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, 'कुंपणाचा मालक' या शब्दांवर बोट ठेवलं आणि इतकी ठसठशीत सही केली की ती मागच्या बाजूला उमटली. मग ते कुंपणाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, की त्याला सांगा, सरकारी संग्रहालयाने कुंपण कुणाचं ते मान्य केलंय.

धाकटे पलीकडे झाडांना पाणी घालत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तरी मी वळसा घालून गेलो आणि निरोप सांगितला, कारण रीत तीच होती. धाकट्यांनी बादली खाली ठेवली आणि मला विचारलं, की काळे किडे कुणाच्या बाजूचे? मी म्हटलं तुमच्या. मग त्यांनी दुसरा कागद आणायला लावला आणि त्याच्यावर 'कुंपणाचा मालक' म्हणून त्यांनीही सही केली. निरोप दिला, की त्यांना सांगा, आमच्या बाजूच्या जातीला पट्टी तरी आहे, तुमचा नुसताच हिरवा.

तिथून पुढे माझ्या हातात काही राहिलं नाही. एका कुंपणाचे दोन मालक कागदावर आल्याबरोबर थोरल्यांनी जमीन मोजणारा बोलावला. धाकट्यांनी आपला वेगळा मोजणारा बोलावला. दोन्ही मोजणाऱ्यांनी साखळ्या टाकल्या, टोप्या काढून घाम पुसला आणि दोघांचं एकमत झालं, की हद्द झुडपांच्या बुंध्यांमधून जाते. अर्धं झुडूप याचं, अर्धं त्याचं. यावर दोन्ही भावांनी, अर्थातच माझ्यामार्फत, एकमेकांना कळवलं की आता कुंपण नकोच. उपटून टाकू आणि पक्की भिंत बांधू. इतक्या वर्षांत दोघांचं एका गोष्टीवर पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि ते मी घडवून आणलं होतं. दोन दिवसांत दोन्ही बाजूंना विटांचे ढीग पडले. गवंडी सोमवारी येणार होता.

मी गयावया केली. थोरल्यांना म्हटलं, या झुडपांवर जगात दुसरीकडे नसलेली जात आहे. ते म्हणाले, मग दुसरीकडे लावा. धाकट्यांना म्हटलं तर त्यांनी मला समजावलं, की भिंतीला किडे लागत नाहीत. शेजारपाजारच्यांनी सल्ले दिले. कुणी म्हणालं झुडूप कुंडीत हलवा, कुणी म्हणालं किडे बाटलीत पाळा, एकाने कोर्टातून स्थगिती आणायला सुचवलं आणि अर्जदार म्हणून तुडतुड्याचं नाव घालता येईल का यावर बराच वेळ विचार केला. मी मात्र कचेरीतून रजा काढून कुंपणाशी बसलो. सोमवारच्या आत हिरवा नर सापडला नाही, तर कुंपणही जाणार आणि जातही जाणार होती, आणि तिला घालवणारा मीच ठरणार होतो. मला खरोखर रडू येत होतं. तोंडात नळी असताना नीट रडताही येत नाही.

शनिवारी दुपारी मी हात हलवत घरी आलो तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर एकच बरणी होती. मी दोन ठेवल्या होत्या. एकीत हिरव्या माद्या, कोवळ्या फांदीसह. दुसरीत काळे नर, जुन्या पानांसह. दोन्हींवर चिठ्ठ्या, दोन्हींना तोंडाला जाळी. आता एकाच बरणीत दोन्ही फांद्या कोंबलेल्या होत्या आणि दुसरी बरणी धुऊन, पुसून, साखर भरून फडताळात गेली होती.

मी आवाज चढवला नाही. आवाज चढवण्याच्या पलीकडे गेलो होतो. मी खुर्चीवर बसून तिला समजावून सांगितलं, की दोन वेगळ्या जाती कधी एकत्र करायच्या नसतात, की नमुने मिसळले म्हणजे सगळं शास्त्र मिसळलं, की माझा आता कशावरच विश्वास राहिलेला नाही. ती पदराला हात पुसत ऐकत होती.

"साखरेला बरणी हवी होती," ती म्हणाली. "आणि ते भांडत नाहीयेत. बघा तरी."

मी बघितलं. हिरव्या फांदीच्या एका देठावर एक हिरवी आणि एक काळा शेपटाला शेपूट लावून, तोंडं दोन दिशांना करून, अगदी निश्चिंत बसले होते. त्याच्या खालच्या पानावर तसंच दुसरं जोडपं होतं. मी बरणी उजेडात धरली. मग खाली ठेवली. मग उगाचच खिडकी बंद केली, कारण समोरच्या गॅलरीत धाकट्यांची सून कपडे वाळत घालत होती.

बायको मायक्रोस्कोपशी जाऊन बसली होती. टेबलावरच्या नमुन्यांच्या पेटीतला एक हिरवा आणि एक काळा तिने शेजारी शेजारी भिंगाखाली ठेवले होते. इतक्या दिवसांत यंत्र कसं चालवायचं ते तिला माझ्याइतकंच येऊ लागलं होतं. "तोंडं तर सारखीच आहेत," ती म्हणाली. "कपाळावरच्या दोन रेघा बघा. मी तेव्हाच विचारलं होतं ना, चेहऱ्यावरून ओळख पटत नाही का म्हणून." मी पाहिलं. त्याच दोन आडव्या रेघा, दोघांच्याही कपाळावर. मी हिरव्यांच्या नवऱ्याला पान न् पान पालथं घालून शोधत होतो आणि तो कुंपणापलीकडे, दुसऱ्या रंगात, माझ्याच पेटीच्या दुसऱ्या कप्प्यात होता. आणि मी, एका घरात एका बाईबरोबर इतकी वर्षं राहिलेला माणूस, एका नवरा-बायकोला दोन वेगळ्या जाती ठरवायला निघालो होतो.

बाईंना फोन केला तेव्हा मी आधीच मान खाली घातली होती, जणू त्यांना दिसत होतं. त्या बराच वेळ हसल्या, पण त्यात कुचेष्टा नव्हती. "घाबरू नका," त्या म्हणाल्या, "माझ्याइथे कपाटं भरून ठेवलीत अशा जोडप्यांची. मोठमोठ्या लोकांनी नवऱ्याला एक नाव दिलं, बायकोला दुसरं. मी आयुष्यभर त्यांचे संसार जुळवत बसलेय." अशा जातींत मादी अंडी घालायला उन्हातला कोवळा फुटवा धरते आणि नर सावलीत राहतो, तिकडून देठातून तिला हाका घालतो, असं त्यांनी सांगितलं, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. मग म्हणाल्या, "नर बघितलाय ना नीट? त्याचा अवयव कुणाशी जुळत नाही ना?" मी म्हटलं नाही. "मग जात नवीन आहे. एक आहे, पण नवीन आहे." माझे डोळे भरून आले. एक तर एक. मला एकच हवी होती. आणि शेवटी त्या म्हणाल्या की ते कुंपण मात्र सांभाळा.

रविवारी सकाळी मी बरणी घेऊन थोरल्यांकडे गेलो. पलीकडे धाकटे पायरीवर बसलेले दिसत होते, म्हणून मी कुंपणाच्या टोकाशी, दोघांना ऐकू येईल असा उभा राहिलो. नाहीतरी हातभराच्या अंतरावर निरोप वाहून वाहून माझे पाय दुखले होते. मी सगळं सांगितलं. हिरव्या त्या माद्या, काळे ते नर. त्यांचं एकच घर आहे आणि ते याच कुंपणाच्या दोन बाजूंना आहे. भिंत बांधली की संपलं.

थोरल्यांनी बरणी हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "म्हणजे मुलीकडचे आम्ही," ते म्हणाले, थोड्या नाराजीनेच. पलीकडे धाकट्यांची मान ताठ झाली होती. मुलाकडची बाजू नशिबी आली की माणसाच्या अंगात आपोआप काहीतरी येतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. सख्खे भाऊ क्षणात व्याही झाले होते. व्याह्यांमध्ये बोलणं नसलं तरी मान राखावा लागतो, त्यामुळे त्या दिवशी कुणी कुणाला काही लागट निरोप पाठवला नाही. भिंतीचं काय, ते मात्र दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

सोमवारी गवंडी आला. कुदळ खांद्यावर घेऊन त्याने थोरल्यांना विचारलं, की कुठल्या बाजूने उपटायला घेऊ? थोरले म्हणाले, त्याला विचार, त्याची इच्छा असेल तर त्याने सुरुवात करावी, घर मोडल्याचं पाप त्याच्या डोक्यावर राहील. गवंडी वळसा घालून धाकट्यांकडे गेला. धाकटे म्हणाले, त्यांना विचार, मोठे ते आहेत, हे पातक त्यांनी घ्यावं. गवंड्याने दोन फेऱ्या मारल्या, मग तो विटांच्या ढिगावर बसला, आणि त्याला दुसरीकडे काम होतं म्हणून निघून गेला. विटा अजून तिथेच आहेत. हल्ली दोघेही त्यांच्यावर कुंड्या ठेवतात.

जातीचं वर्णन पुढच्या वर्षी छापून आलं. लेखक म्हणून माझं आणि बायकोचं नाव आहे. तिचं आधी, कारण चेहरे तिने पाहिले, आणि कारण तसं न केल्यास पुन्हा नेलपॉलिश मिळणार नव्हतं. किड्याला आम्ही कुंपणाचंच नाव दिलं, म्हणजे कुणाचा आक्षेप नको. संमतीपत्र नव्याने करावं लागलं, एकाच कागदावर दोघांच्या सह्या. 'मालक' या शब्दापुढची जागा दोघांनीही कोरी सोडली. बाईंनी काही विचारलं नाही, कागद दाखल करून घेतला. कार्यालयात मी छापील प्रत साहेबांना दाखवली. त्यांनी चाळून परत दिली आणि मी रजा घेतली होती ती नक्की कोणत्या कारणासाठी, असं विचारलं. मी कारण सांगितलं. ती रजा बिनपगारी धरली गेली. तरी मला वाईट वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच फारसं वाईट वाटत नव्हतं.

गेल्या आठवड्यात बाईंनी आणखी एक जोडी मागवली होती, दुसऱ्या एका संग्रहालयाला पाठवायला. सकाळी कचेरीत जाण्याआधी मी थोरल्यांच्या बाजूला कुंपणाशी वाकलो होतो. थोरले चहाचा कप घेऊन शेजारी उभे होते. उन्हातल्या एका फुटव्यावर हिरवी बसली होती, आणि तिच्यापासून जरा अंतरावर एक काळा. दिवसाउजेडी या बाजूला मी काळा कधीच पाहिला नव्हता. मी नळी तोंडात धरली आणि दुसरं टोक अलगद त्याच्याकडे नेलं. तेवढ्यात थोरल्यांनी माझं मनगट धरलं.

ते कुंपणापलीकडे बघत होते. तिकडे धाकटे वर्तमानपत्र वाचत होते. आता 'त्याला सांगा' येणार म्हणून मी वळसा घालायच्या तयारीत सरळ उभा राहिलो.

"तुझ्याकडचा एक इकडे आलाय," थोरले म्हणाले.

पलीकडे वर्तमानपत्राचं पान अर्धं उलटून तसंच राहिलं.

"राहू दे, दादा," धाकटे म्हणाले. "त्याचं घरच आहे ते."

थोरल्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. मी दुसऱ्या हाताने तोंडातली नळी काढली आणि खिशात ठेवली. संग्रहालयाला त्या दिवशी नर मिळाला नाही.